माळ्यावरची भातुकली

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. त्या मेकॅनिकल इंजिनिअर, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात नोकरीला. गेल्या महिन्यात लेकीचा पाचवा वाढदिवस सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये साजरा झाला. एकवीस भेटी आल्या, त्यातल्या चौदा गुलाबी. अगदी एकसारखे दोन किचन सेट, बाहुल्या, ड्रेसिंग टेबल, लिपस्टिक-नेलपॉलिशचा मेकअप सेट. लेकीच्या जन्मापासून त्यांनी असलं काही घरात येऊ दिलं नव्हतं. त्या रात्री सगळं उचलून त्यांनी माळ्यावर टाकलं आणि त्याच झपाट्यात सासूबाईंनी दिलेली पितळी भातुकलीही वर गेली. तेव्हापासून सासूबाई कामापुरतंच बोलतात. नवरा म्हणतो, "खेळणीच आहेत ती, एवढं काय त्यात." त्यांनी स्वतः हौसेने आणलेली रेल्वे आणि सर्किटचा किट मात्र तसाच पडून आहे. लेक म्हणते, "ट्रेन मुलांची असते." पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक लिहिलंय, "तसं हे विषयाला सोडून आहे" असं म्हणून. पार्टीत चार वर्षांचा पुतण्या किचन सेट उघडून बसला होता. दिरांनी त्याला उचलून दुसरीकडे नेलं, तर तो रडून रडून झोपला. त्यांचा प्रश्न असा: ही खेळणी कुणाला तरी देऊन टाकू का? पुढच्या वर्षी निमंत्रणातच "गुलाबी खेळणी आणू नका" असं लिहू का? की माझंच चुकतंय?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमचा राग जाणवला आणि तो मला मनापासून पटला. तुमच्या लेकीला ओळखणाऱ्या इतक्या घरांना तिच्याकडे बघून स्वयंपाक, बाळ सांभाळणं आणि नटणं एवढ्या तीनच गोष्टी सुचाव्यात, याचा त्रास व्हायलाच हवा. दुसऱ्यांदा वाचताना मी दोन जागी अडखळले. एक, सासूबाईंची भातुकली. दुसरी, तो पुतण्या. त्याची गोष्ट विषयाला सोडून आहे असं मला वाटत नाही. तिकडे येतेच, पण आधी तुमच्या खंतीबद्दल बोलू.

"पाच वर्षं एवढं जपलं आणि शेवटी ती गुलाबीच मागते, म्हणजे मी हरले," असं तुम्ही लिहिलंय. हरला नाहीत हो. साधारण तिसऱ्या वर्षी मुलांना आपण मुलगा की मुलगी हे सांगता यायला लागतं. त्यानंतरची दोन-तीन वर्षं ती त्याचे नियम गोळा करत असतात आणि पाच-सहाच्या आसपास ते नियम सगळ्यात कडक असतात. बोलायला शिकणारं मूल "धरलं", "भरलं" ऐकतं आणि त्याच चालीवर बिनधास्त "करलं" म्हणतं, आठवतंय? कुणी शिकवलेलं नसतं, त्याने स्वतःच नियम बसवलेला असतो. "ट्रेन मुलांची असते" हेही तसंच "करलं" आहे. शाळेत, व्हॅनमध्ये, जाहिरातीत, मैत्रिणीच्या दप्तरावर तिने जे पाहिलं त्यावरून तिने काढलेला नियम. "करलं" म्हटल्यावर आपण मुलावर ओरडत नाही. "हो, केलंस ना!" म्हणतो आणि पुढे जातो. इथेही तेच करायचं. अपवाद भरपूर दिसत राहिले की सात-आठ वर्षांपर्यंत हे नियम बहुतेक मुलांच्या बाबतीत आपोआप सैल होतात.

गुलाबी रंगाला तर यात फुकट बोल लागलाय. मुलींचा रंग ही त्याची ओळख फार जुनी नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या व्यापाराच्या एका मासिकाने नेमका उलटा सल्ला छापला होता: गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक, म्हणून मुलींना. आणि आपल्याकडे? लग्नात मामा-काका गुलाबी फेटे बांधून मिरवतात. चैत्रात जोतिबाचा अख्खा डोंगर गुलालाने गुलाबी होतो. बोरन्हाणाला मुलगा असो की मुलगी, अंगात काळं झबलं आणि गळ्यात हलव्याचे दागिने. तुमच्या नवऱ्याचा हलव्याचे दागिने घातलेला फोटो सासूबाईंच्या कपाटात बहुधा असेलच. तो मागून घ्या आणि लेकीला दाखवा. पाच वर्षांच्या मुलीला समजावणीपेक्षा असा एक फोटो लवकर पटतो.

रंगांची ही वाटणी टिकून आहे त्यामागे दुकानाचा हिशोब आहे. ताईची लाल तीनचाकी धाकट्या भावाला जाते. गुलाबी असेल तर जात नाही, त्याच्यासाठी निळी नवी घ्यावी लागते. एकाच घरात दोनदा विक्री. राम मारुती रोडवर किंवा गोखले रोडवर खेळण्यांच्या कुठल्याही दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "बोला ताई, मुलगा की मुलगी?" मग वय आणि मग बजेट. मुलाला काय आवडतं हे विचारायची वेळच येत नाही. मी आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. "पाच वर्षांचं मूल आहे, पाण्यात आणि मातीत तासन्‌तास रमतं, काय दाखवाल?" असं विचारते. समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मग शिडी लावून वरच्या फळीवरून निराळीच खोकी खाली काढतो. धूळ झटकतो. नळ्या, चाळणी, पाणचक्की, जोडायचे पाइप. ती खेळणी दुकानात असतातच. "मुलगी" म्हटल्यावर त्या फळीपर्यंत हात जात नाही एवढंच.

आता भातुकली.

"माझ्या मुलीने चूल फुंकत बसू नये म्हणून मी एवढं शिकले, आणि यांनी तिला पितळी चूल आणून दिली," हे तुमचं वाक्य मला लागलं. त्यामागे तुमच्या आईचं, आजीचं आयुष्य दिसतं. पण जरा लेकीच्या जागी बसून बघा. तिला तो सगळा इतिहास माहीत नाही. तिने एवढंच पाहिलं की आजीने जपून आणलेली वस्तू आईने रागाने वर टाकली आणि त्या वस्तूत स्वयंपाक होता. तुमच्याकडे सकाळी पोळ्या करायला मावशी येतात असं तुम्ही लिहिलंय. आजी संध्याकाळचा स्वयंपाक करते. म्हणजे जी दोन माणसं तिला रोज जेवू घालतात त्यांचं काम हलकं असतं, असं तर तिच्या मनात जाणार नाही ना? बायकांच्या वाट्याला आलं म्हणून ते काम कमी दर्जाचं, हा समज फार जुना आहे. तुम्ही ज्याच्याविरुद्ध उभ्या आहात त्याच समजाची ही दुसरी बाजू आहे, असं मला वाटतं.

मी चरईतल्या एका वाड्यात वाढले. आमच्या भातुकलीत जातं होतं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, सोऱ्या, रोवळी, घागर-कळशी आणि पाणी तापवायचा टीचभर बंब. चुरमुरे हा भात, दाणे-गूळ हे पक्वान्न. वाड्यातले मुलगेही खेळायचे. पण कसे? तुळशीवृंदावनाला एक फेरी मारली की ते ऑफिसातून परत आलेले असायचे आणि पानावर बसायचे. आम्ही वाढायचो. कुणी शिकवलं नव्हतं, घराघरांतून दिसत होतं तेच अंगणात उतरायचं. तेव्हा वाड्यातल्या कुणा मोठ्याने कढईत एकदा डाव फिरवला असता तर आमच्या खेळातही कुणीतरी फिरवला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की भातुकली खाली आणा. तुम्ही स्वतः आणा आणि सासूबाईंच्या हातात द्या. "आई, त्या दिवशी माझा राग दुसऱ्या कशावर होता, निघाला यावर. ही कशी मांडायची ते आम्हा दोघींना दाखवाल का?" एवढं पुरेल. त्यांना बाजूला बसवून गुलाबी खेळण्यांवर व्याख्यान देऊ नका, निदान त्या दिवशी तरी.

आणि मग तुमचं शिक्षण तिथे येऊ द्या. जात्याच्या मधल्या भोकात टाकलेला तांदूळ कडेने भरडून बाहेर का येतो? तांब्यात किती वाट्या पाणी मावतं, आणि बुटका तांब्या घेतला तर? बंबाच्या मधोमध निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी असं का केलं असेल? तुमच्या कारखान्यात हीट एक्स्चेंजर असेल तर त्याचं तत्त्व हेच. पळीत उरलेलं दही कोमट दुधात घातलं की सकाळी काय होतं, भिजवलेले पोहे फुगतात आणि चुरमुरे का आकसतात, हे सगळं पाच वर्षांच्या मुलीच्या हातात मावणारं विज्ञान आहे.

तुमच्या सर्किटच्या किटबद्दल एक शंका आहे. त्याच्या खोक्यावर वयाचा आकडा काय आहे ते बघा. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो आठ वर्षांच्या पुढचा वाटतो. पाच वर्षांच्या बोटांना त्या तारा जमणार नाहीत, आणि जमलं नाही की मूल "मला आवडत नाही" म्हणतं. तिला विज्ञान नको आहे असा त्याचा अर्थ नाही. तो तीन वर्षं ठेवून द्या. आता तिला खरा, लहान स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि बंद पडलेला टॉर्च किंवा जुनं घड्याळ द्या. सेल आधी काढून घ्या. नाण्यासारखे चपटे सेल मुलांच्या हाती लागूच देऊ नका, ते गिळले तर जिवावर बेततं. स्वतः शेजारी बसा. स्क्रू सैल होऊन हातात येतो तेव्हा तिचा चेहरा बघा. ऑनलाइन सामान येतं त्याची मोठी खोकी, सुतळी, चिकटपट्टी, कपड्यांचे चिमटे, यातून घर, बोगदा, दुकान, काहीही होतं आणि त्याला रंगच नसतो.

मेकअप सेट मात्र माळ्यावरून खाली आणायचा तो थेट कचऱ्यात टाकायला. इथे मी मऊ बोलणार नाही. एक तर सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटक आणि वापराची मुदत छापलेली असावी लागते. मुलांच्या स्वस्त सेटवर पुष्कळदा यातलं काही नसतं. त्या त्वचेवर, ओठांवर आपण काय लावतोय तेच कळत नाही. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. आईची ओढणी गुंडाळून, आजीची टिकली लावून, बाबांचे बूट घालून आरशासमोर उभं राहणं म्हणजे मोठं होऊन बघणं. ते सगळी मुलं करतात, करू द्यावं. पण "सुंदर दिसण्यासाठी हे लागतं" असं सांगणारा खोका पाच वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा हे सांगतो की ती आहे तशी पुरेशी नाही. आणि हो, बाकीच्या खेळण्यांवरही आयएसआयचा शिक्का आहे का बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे तो बंधनकारक आहे.

बाहुल्यांचं काय, असं तुम्ही खास विचारलंय. २०१४ साली अमेरिकेत चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना पाच मिनिटं बार्बी खेळायला दिली, काहींना बटाट्याच्या आकाराची, नाक-डोळे लावायची बाई. मग विचारलं, मोठेपणी तू काय काय होऊ शकशील, आणि मुलगा काय काय होऊ शकेल? बार्बी खेळलेल्या मुलींनी मुलग्यापेक्षा स्वतःसाठी कमी कामं सांगितली, आणि बार्बीने डॉक्टरचा कोट घातलेला असला तरी फरक पडला नाही. बटाटाबाई खेळलेल्यांच्या उत्तरांत ही दरी जवळजवळ नव्हती. ३७ मुली ही संख्या लहान आहे, एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. मी यातून इतकंच घेते की बाहुली कशी दिसते याला महत्त्व आहे. कमरेत वाकताही येणार नाही अशा बाहुलीपेक्षा गुबगुबीत, न्हाऊ-माखू घालता येणारी कापडी बाहुली बरी. बाळाला जोजवणं हा खेळ सुंदरच आहे, मुलीसाठी आणि मुलासाठीही.

मला खरी काळजी दुसऱ्या एका अभ्यासाने लावली. तो २०१७ साली "सायन्स" या नियतकालिकात आला. "खूप खूप हुशार" माणसाची गोष्ट सांगून मुलांना काही बायका-पुरुषांचे फोटो दाखवले आणि विचारलं की यांतलं ते माणूस कोण असेल? पाच वर्षांच्या मुलींनी बायकांकडे बोट दाखवलं, मुलग्यांनी पुरुषांकडे. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घसरलं. "खूप हुशार मुलांचा खेळ" म्हटलं की त्या मुली मागे सरायला लागल्या. तोच प्रकार "खूप मेहनती मुलांचा खेळ" म्हणून मांडला तर त्या मुलग्यांइतक्याच उत्साहाने पुढे. तुमची लेक आत्ता याच उंबरठ्यावर आहे. पार्टीत आलेल्या पाहुण्यांनी तिला काय म्हटलं आठवा. "किती गोड दिसतेस", "फ्रॉक किती छान." तुम्ही रोज झोपताना याला एक जोड द्या. आज तिने काय जोडलं, काय फोडलं, कुठे अडली आणि तरी सोडलं नाही, हे तिला नाव घेऊन सांगा.

ट्रेनबद्दल. तुम्ही ठाणेकर आहात, यापेक्षा चांगली जागा कुठली? १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून आपल्याच ठाण्याला आली. आणि सातारच्या सुरेखा यादव देशातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक. २००० साली त्यांनी महिला विशेष लोकल चालवली, ८ मार्च २०११ ला पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत. ही गोष्ट तिला घरात सोफ्यावर सांगू नका. रविवारी दुपारी, गर्दी नसताना, ठाणे स्टेशनच्या पुलावर घेऊन जा. लोकलचा दिवा दिसू लागला की सांगा. घरी आल्यावर तिची रेल्वे आणि भातुकली एकाच चटईवर मांडा. गाडीतून घागरी-कळश्या जाऊ द्या. चार डब्यांची मालगाडी, आणि पुढच्या स्टेशनवर जेवणाची व्यवस्था. दोन खेळ वेगळे ठेवायची सवय आपली आहे, मुलांची नाही.

आता तुमचा पुतण्या.

मी कोपरखैरण्याला अठरा वर्षं लहान मुलांचा खेळवर्ग चालवला. एकदा चार वर्षांचा एक मुलगा छोट्या कढईत रिकामा डाव फिरवत बसला होता. मन लावून. मध्येच त्याने डाव तळहातावर टेकवला, चाखल्यासारखं केलं आणि स्वतःशी म्हणाला, "मीठ कमी आहे." तेवढ्यात न्यायला आलेली आई दारातून म्हणाली, "अरे, मुलींचं काय खेळतोस, ऊठ." तो मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याचे बाबा वाशीला एका हॉटेलात आचारी होते. रोज शंभर माणसांची भाजी करणारे. मुलगा बाबाच झाला होता, आणि ते करायचं नसतं असं त्याला सांगितलं गेलं. त्यानंतर तो त्या कोपऱ्याकडे गेला नाही. मी काही बोलले नाही त्या दिवशी. ते मला अजून डाचतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

लेगो कंपनीने २०२१ साली सात देशांतल्या पालक-मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले होते. आपला देश त्यात नव्हता, पण चित्र ओळखीचं आहे. विरुद्ध लिंगाची समजली जाणारी खेळणी खेळलो तर चेष्टा होईल अशी धास्ती ४२ टक्के मुलींना वाटत होती. मुलग्यांना? ७१ टक्के. मुलीने क्रिकेटची बॅट घेतली तर आपण कौतुकाने बघतो. मुलाने बाहुली घेतली की घर अस्वस्थ होतं. तुमच्या लेकीसाठी एक दार निदान किलकिलं आहे. पुतण्याचं दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं गेलं, आणि ती दोन्ही दारं एकाच भिंतीत आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं दिसलं, ते करणारे पुरुष ८८. तुमची लेक उद्या इंजिनिअर होईल, घरी येऊन स्वयंपाकघरात शिरेल, आणि तिच्याबरोबरीने कुणी शिरायला हवं असेल तर तो आज चार वर्षांचा कुणीतरी मुलगा आहे. त्याच्या हातातला डाव आपण काढून घेतोय.

दिरांशी वाद घालू नका. त्यांनी वाईट हेतूने केलं नाही, चारचौघांत लेकाची थट्टा होऊ नये एवढंच त्यांच्या मनात असेल. तुमचा नवरा मात्र यात कामाचा माणूस आहे. "खेळणीच आहेत ती" असं तो म्हणतो ना? मग त्यालाच धरा. खेळणीच आहेत तर बस त्यांच्याशी. एखाद्या रविवारी तो आणि लेक मिळून खरे कांदेपोहे करू देत. तो कांदा चिरेल, ती पोहे धुईल, मीठ-साखर मोजेल. पुतण्याला त्या दिवशी राहायला बोलवा. काकाला कढईपाशी उभा बघितला की त्याला वेगळं काही सांगावं लागणार नाही. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र छापलं होतं. ते चित्र मला फार आवडलं होतं. घरात ते दिसलं तर पुस्तकातलं खरं वाटेल.

निमंत्रणाबद्दल तुम्हाला थोडं टोचेल असं बोलते. तुम्ही लिहिलंय की रिटर्न गिफ्ट म्हणून मुलींना हेअरबँडचा सेट दिला आणि मुलग्यांना छोट्या गाड्या. घाईत झालं असेल, दुकानातच तशी पाकिटं बांधून मिळतात. पण त्या दिवशी क्लबहाउसमधून वीस-एकवीस मुलं जे घेऊन गेली ते तुमच्याकडून गेलं. पुढच्या वर्षी सगळ्यांना एकच द्या. भिंग, भोवरा, मातीचा गोळा, खडूंचा डबा, पालकाच्या बिया आणि एक कुंडी. सावंतवाडीचे लाकडी भोवरे मिळाले तर फारच छान. निमंत्रणात "गुलाबी नको" लिहू नका. लोक दुखावतील, आणि लेकीला वाटेल की तिला आवडणारा रंगच गुन्हा आहे. "भेट नको, आशीर्वाद पुरे" हेही कुणी पाळत नाही. जवळची चार-पाच घरं आधीच फोन करून विचारतात, "काय आणू गं?" तेव्हा संकोच न करता नेमकं सांगा: "तिला पोहायला शिकवतोय, गॉगल चालेल", "फुटबॉल हवाय", "गोष्टीचं मराठी पुस्तक." बाकीच्यांकडून येईल ते येईल. त्यातलं चार-पाच बाहेर ठेवा, उरलेलं कपाटात, आणि महिन्याने अदलाबदल करा. दुपटीने आलेलं, न आवडलेलं, तिच्या हातून तिच्यासमोर देऊ द्या.

जाहिरातींचा राग तुम्ही पत्रात शेवटी काढलाय. त्यालाही वाट आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२२ साली लिंगभेदाच्या साचेबंद चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि सामान्य ग्राहकाला तिथे तक्रार करता येते. कंपन्या ऐकतात. १९९२ साली बोलक्या बार्बीच्या तोंडी "गणिताचा तास कठीण असतो" असं वाक्य होतं. बायकांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर ते काढावं लागलं.

राहता राहिला तो जास्तीचा किचन सेट. माळ्यावर दोन आहेत ना, अगदी सारखे. एक लेकीला द्या, आणि दुसरा पुतण्याला. पण आधी जाऊबाईंना फोन करा, मोकळेपणी बोला, त्यांना चालणार असेल तरच. त्या तयार झाल्या तर तुमच्या नवऱ्याच्या हातून, दिरांच्या समोर, त्याला तो द्या, आणि खोक्यात खऱ्या चुरमुऱ्यांची एक पुडी घाला.